उंची कमी नाही, उजळणी कमी आहे

विशेष प्रतिनिधी

सौदी अरेबियातील जेद्दा येथे ऑगस्ट २०२५मध्ये झालेल्या आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेत पहिल्याच दिवशी भारतीय पुरुष संघाने जॉर्डनला निर्धारित चाळीस मिनिटे बरोबरीत रोखले. जॉर्डन हा २०१९ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन विश्वचषकांत खेळलेला संघ. जादा वेळेत मात्र पारडे फिरले आणि सामना ८४-९१ असा हातचा गेला. पुढे चीन व यजमान सौदी अरेबियाविरुद्धच्या लढतीही गमावून भारताला गटातच गाशा गुंडाळावा लागला.

झुंज दिली, पण अनुभव कमी पडला, अशा शब्दांत या पराभवाची बोळवण करता येईल. पण चाळीस मिनिटांनंतर सामना बरोबरीत असणे याचा सरळ अर्थ असा, की त्या चाळीस मिनिटांत केवळ एक गुण अधिक मिळाला असता, तर जॉर्डनसारख्या संघावर विजय मिळाला असता. हा एक गुण वाया गेलेल्या एखाद्या फ्री थ्रोमधून, रिंगखाली हुकलेल्या एखाद्या ले-अपमधून किंवा सहकाऱ्याच्या हाती न पोहोचलेल्या एखाद्या पासमधून सहज मिळाला असता. यापैकी एकाही गोष्टीसाठी सात फूट उंचीची आवश्यकता नसते. त्या शिकाव्या लागतात आणि त्या शिकण्याचे वय साधारण दहा ते चौदा असते. आपल्याकडे नेमके याच वयात काय शिकवले जाते, हा म्हणूनच कळीचा प्रश्न आहे.

भारतीय बास्केटबॉलच्या पीछेहाटीची चर्चा झाली की तीच कारणे पुढे येतात. आपल्या खेळाडूंना उंची नाही, बंदिस्त मैदाने नाहीत, पैसा क्रिकेटकडे जातो. ही कारणे खोटी नाहीत. पण पुरेशीही नाहीत. सामना नेमका कुठे जिंकला आणि कुठे हरला जातो, याचे उत्तर आज बऱ्यापैकी अचूक आकड्यांत देता येते आणि ते उत्तर प्रशिक्षणाच्या पायाकडे बोट दाखवते.

चार कसोट्या

अमेरिकी अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात बास्केटबॉलमधील यशाचे चार घटक सांगितले आणि त्यांना ढोबळ वजनही दिले. नेमबाजीला ४० टक्के, चेंडूचा ताबा राखण्याला २५ टक्के, रिबाऊंडला २० टक्के आणि फ्री थ्रोला १५ टक्के. पुढे व्यावसायिक संघांच्या विश्लेषणात ही मांडणी सर्रास वापरली जाऊ लागली. तिचे मर्म साधे आहे. बास्केटबॉलमध्ये चेंडूचा ताबा दोन्ही संघांकडे आळीपाळीने जातो. त्यामुळे सामन्यात दोघांनाही जवळपास सारख्याच संधी मिळतात. मिळालेल्या संधीचे कोण काय करतो, यावरच निकाल ठरतो.

एक काल्पनिक पण व्यवहाराला धरून असलेले उदाहरण घेऊ. सतरा वर्षांखालील दोन शालेय संघांना प्रत्येकी सत्तर वेळा चेंडूचा ताबा मिळाला. पहिल्या संघाने बास्केटकडे चेंडू फेकण्यापूर्वीच पंचवीस वेळा तो गमावला. दुसऱ्याने पंधरा वेळा. आता पहिल्याच्या वाट्याला पंचेचाळीस फेकी उरल्या, दुसऱ्याच्या वाट्याला पंचावन्न. दोघांची नेमबाजी सारखीच, शंभरात चाळीस अशी धरली, तर पहिल्याचे अठरा आणि दुसऱ्याचे बावीस बास्केट होतात. म्हणजे ३६ विरुद्ध ४४. नेम तोच, तरी आठ गुणांचे अंतर. त्यात प्रतिस्पर्ध्याला आक्रमणात चार जादा रिबाऊंड मिळू दिले, तर साधारण तीन गुण आणखी जातात. वीस फ्री थ्रोपैकी चौदाऐवजी दहाच साधले, तर आणखी चार. पंधरा गुणांचे हे अंतर प्रेक्षकांना एकतर्फी पराभवासारखे दिसते आणि 'समोरचा संघ फारच सरस होता' असे म्हणून सारे घरी जातात. वास्तविक समोरचा संघ फक्त कमी चुका करणारा असतो.

चेंडू हातातून का सुटतो?

कोणत्याही जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेच्या मैदानावर अर्धा तास उभे राहिले, तर चेंडू सर्वाधिक कोठे गमावला जातो हे ध्यानात येते. धावत आलेल्या मुलाला थांबता येत नाही, हे पहिले कारण. चेंडू हाती येताच पाय घसरत पुढे जातात आणि पंचांची शिट्टी वाजते. दुसरे कारण, चेंडू मिळताच मान खाली घालून ड्रिबल सुरू करण्याची सवय. मोकळा असलेला सहकारी दिसतच नाही. तिसरे, पास येत असताना त्याच्या दिशेने पुढे न सरकता जागीच उभे राहणे. तेवढ्या अंतरात बचाव करणारा मध्ये हात घालतो.

या तिन्ही दोषांवरचे उपाय जुने आणि बिनखर्चाचे आहेत. दोन्ही पाय एकदम टेकवून थांबणे, म्हणजे जम्प स्टॉप. एक पाय रोवून दुसऱ्याने दिशा बदलणे, म्हणजे पिव्होट. आणि पासला सामोरे जाणे. सरावात तीन विरुद्ध तीन असा सामना लावून ड्रिबलला पूर्ण बंदी घातली, तर दहा मिनिटांत मुले आपोआप मान वर करून पाहू लागतात, मोकळ्या जागेत पळू लागतात. प्रशिक्षकाला ओरडावे लागत नाही, खेळच शिकवतो.

येथे महाराष्ट्राला एक नैसर्गिक अनुकूलता आहे, तिचा उपयोग मात्र अभावानेच होतो. खो-खो खेळलेल्या मुलाला झटक्यात दिशा बदलणे, शरीराने हुलकावणी देणे शिकवावे लागत नाही. कबड्डी खेळलेल्या मुलीला गुडघे वाकवून, बूड खाली ठेवून पावले टाकणे अंगवळणी पडलेले असते. बचावात उभे राहण्याची बास्केटबॉलची पद्धत याहून फार निराळी नाही. ह्यूस्टन रॉकेट्सचा महान खेळाडू हकीम ओलाजुवान याच्या पदलालित्याचे आजही गोडवे गायले जातात. नायजेरियात वाढलेल्या ओलाजुवानने ते फुटबॉल आणि हँडबॉलच्या मैदानावर कमावले होते. देशी खेळांतली ही शिदोरी सोडून आपण उंच मूल शोधत हिंडतो, हा विरोधाभास आहे.

पंधरा फुटांवरची परीक्षा

फ्री थ्रो हा बास्केटबॉलमधील एकमेव क्षण, जेव्हा कोणी आडवे येत नाही, घाई नसते, अंतर ठरलेले असते. तरीही सर्वाधिक दुर्लक्ष याच कौशल्याकडे होते. सराव संपताना 'प्रत्येकी दहा मारा आणि घरी जा' असा त्याचा उरकण्याचा कार्यक्रम असतो.

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, हे ७ एप्रिल २००८ रोजी सॅन अँटोनिओ येथे झालेल्या अमेरिकी विद्यापीठ अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याने दाखवले. मेम्फिस विद्यापीठाचा संघ त्या हंगामात फ्री थ्रोमध्ये कच्चा होता. शंभरात जेमतेम एकसष्ट. ही कमजोरी हंगामभर चर्चेत होती, पण संघ जिंकत असल्याने ती खपून गेली. अंतिम सामन्यात दोन मिनिटे बारा सेकंद शिल्लक असताना मेम्फिसकडे कॅन्सासवर नऊ गुणांची आघाडी होती. मग शेवटच्या सव्वा मिनिटात मिळालेल्या पाच फ्री थ्रोंपैकी चार वाया गेले. दोन सेकंद उरले असताना कॅन्सासच्या मारिओ चाल्मर्सने तीन गुणांचा बास्केट करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत कॅन्सासने ७५-६८ असा विजय मिळवला. त्या पाचांपैकी आणखी एक जरी साधला असता, तरी चाल्मर्सच्या फेकीने बरोबरी झाली नसती.

यातून प्रशिक्षकांनी घ्यायचा धडा असा, की फ्री थ्रोचा सराव थकलेल्या अवस्थेत, मध्येच, दोन-दोनच्या जोडीने व्हायला हवा. सामन्यात कोणी सलग दहा मारत नाही. धावून दम लागलेला असताना दोनच संधी मिळतात. प्रत्येक खेळाडूचा ठरलेला क्रम हवा: तेवढेच ड्रिबल, तोच श्वास, तीच नजर. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक फेकीची वहीत नोंद हवी. महिन्याभरापूर्वी शंभरात अठ्ठेचाळीस होते आणि आज छप्पन आहेत, हे मुलाला दिसले की सराव कंटाळवाणा राहत नाही.

नेमबाजीच्या बाबतीत एक साधे गणित मुलांना सांगायला हवे. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर आणि पुरुषांच्या चेंडूचा सुमारे २४ सेंटिमीटर. चेंडू वरून खाली उतरला, तर त्याला हा सारा व्यास मिळतो. सपाट आला, तर तीच रिंग त्याच्यासाठी अरुंद होते. म्हणूनच कमान महत्त्वाची. पण अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोठा चेंडू दिला आणि ३.०५ मीटर उंचीवरच्या रिंगकडे तो फेकायला सांगितला, तर कमान येणार कोठून? तो खांद्याजवळून, दोन्ही हातांनी, सारे अंग झोकून चेंडू ढकलतो. ती चुकीची सवय पुढे जन्मभर सुटत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मिनी बास्केटबॉल नियमांत बारा वर्षांखालील मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर आणि चेंडू लहान, पाच क्रमांकाचा असतो. आपल्याकडे किती शाळांत अशी खाली घेतलेली रिंग दिसते?

कमी उंचीचे रौप्यपदक

उंचीच्या प्रश्नाला सर्वांत सडेतोड उत्तर दिले ते जपानच्या महिलांनी. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्पर्धेतील कमी उंचीच्या संघांत गणना होणाऱ्या या संघाने उपांत्य फेरीत फ्रान्सला ८७-७१ असे हरवले. त्या सामन्यात अवघ्या १६२ सेंटिमीटर उंचीच्या रुई माचिदाने सहकाऱ्यांच्या बास्केटसाठी तब्बल अठरा अचूक पास दिले. ऑलिम्पिकमधला तो विक्रम ठरला. अंतिम सामन्यात अमेरिकेने जपानला ९०-७५ असे हरवले, पण रौप्यपदक ऐतिहासिक होते. पाच फूट चार इंच ही उंची महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेच्या दहावीच्या वर्गात सापडेल. पण दबावाखाली योग्य क्षणी, योग्य हाताने दिलेला पास सहजासहजी सापडणार नाही.

त्या संघाचे प्रशिक्षक टॉम होव्हास यांनी पुढे जपानच्या पुरुष संघाची सूत्रे घेतली. २०२३च्या विश्वचषकात या संघाने फिनलंड, व्हेनेझुएला आणि केप व्हर्डे यांना नमवून पॅरिस ऑलिम्पिकचे तिकीट मिळवले. गती, सतत हालचाल, चेंडू वेगाने फिरवणे आणि मोकळ्या खेळाडूने न कचरता तीन गुणांसाठी फेक करणे, या साऱ्याचा पाया मूलभूत कौशल्यांतच आहे.

जपानने आणखी एक धोरणात्मक पाऊल उचलले. २०१६च्या सुमारास पंधरा वर्षांखालील गटांत झोन डिफेन्स रोखून प्रत्येकाने आपापल्या प्रतिस्पर्ध्याचा बचाव करण्याची, म्हणजे मॅन-टू-मॅनची सक्ती करण्यात आली. कारण उघड आहे. लहान मुलांना लांबून नेम साधत नाही. त्यामुळे रिंगखाली पाच जणांची भिंत उभी केली, की समोरचा संघ निष्प्रभ होतो आणि सामना जिंकता येतो. पण त्यात एकाही मुलाला बचाव येत नाही आणि समोरच्या एकाही मुलाला आक्रमण शिकायला मिळत नाही. आज सामना जिंकण्यासाठी उद्याचा खेळाडू गमावण्याचा हा व्यवहार आहे.

तारे पडले, तेव्हा

मूलभूत कौशल्ये फक्त दुबळ्यांची ढाल आहेत, असा समज असेल, तर अमेरिकेचाच दाखला पाहावा. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये एनबीएतील तारे घेऊन उतरलेल्या अमेरिकेला सलामीलाच प्युर्तो रिकोने ९२-७३ असे लोळवले. तीन गुणांच्या चोवीस फेकींपैकी अमेरिकेच्या फक्त तीन यशस्वी झाल्या. पुढे लिथुआनियाकडून आणि उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून हार पत्करून त्यांना ब्राँझवर समाधान मानावे लागले. २००६च्या विश्वचषकात तर ग्रीसने उपांत्य फेरीत त्यांना १०१-९५ असे चकित केले. ग्रीसच्या संघात तेव्हा एनबीएत खेळणारा एकही खेळाडू नव्हता. त्यांचे मुख्य अस्त्र होते 'पिक अँड रोल'. एकाने आडोसा करायचा, दुसऱ्याने त्याला वळसा घालायचा आणि मग आडोसा करणाऱ्याने रिंगकडे वळायचे, ही बास्केटबॉलमधील सर्वांत जुन्या चालींपैकी एक. ग्रीसने ती पुन:पुन्हा केली आणि अमेरिकी ताऱ्यांना ती पुन:पुन्हा थोपवता आली नाही. अमेरिकेने संघबांधणीची पद्धत बदलली, खेळाडूंकडून दीर्घ बांधिलकी घेतली आणि २००८मध्ये बीजिंगला स्पेनवर ११८-१०७ अशी मात करून सुवर्ण परत मिळवले.

प्रशिक्षक नेमके काय बोलतो?

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात जॉन वूडन यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील संघाला त्यांनी १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. त्यातली सात लागोपाठ. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते देशभरातून निवडून आलेल्या या खेळाडूंना पायमोजे सुरकुती न पडता कसे घालावेत आणि बुटाची नाडी कशी बांधावी, हे शिकवत. पायाला फोड आला, तर सराव बुडतो, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५च्या हंगामात वूडन यांचे सराव बारकाईने पाहून त्यांच्या २,३२६ शिकवण्याच्या कृतींची नोंद केली. त्यात शाबासकी ६.९ टक्के, नापसंती ६.६ टक्के आणि तब्बल ७५ टक्के निव्वळ माहिती होती. काय करायचे, कसे करायचे, केव्हा करायचे, एवढेच. लांबलचक भाषणे नव्हती. चूक झाली, की योग्य कृती करून दाखवायची, मुलाने केलेली चूक तशीच करून दाखवायची आणि पुन्हा योग्य कृती. सारे काही सेकंदांत आटपायचे आणि सराव पुढे सुरू. या दोन तासांच्या आखणीसाठी ते जवळपास तेवढाच वेळ आधी खर्च करीत.

ही टक्केवारी आपल्या मैदानांवर कोणी मोजली, तर काय आढळेल? 'अरे धाव ना', 'लक्ष कुठे आहे', 'कितीदा सांगायचे' ही वाक्ये माहिती देत नाहीत. मुलाला पुढच्या वेळी काय निराळे करायचे, हे त्यांतून कळत नाही. 'डावा पाय आधी टेकव', 'हात वर ठेवूनच पुढे ये', 'आधी माणूस अडव, मग चेंडू पाहा', ही माहिती झाली. रिबाऊंडसाठी शेवटचे वाक्य तर सोन्याचे आहे. फेक झाली, की बहुतेक मुले चेंडूकडे टक लावून पाहतात आणि त्यांच्या पाठीमागून प्रतिस्पर्धी आत शिरतो. आधी प्रतिस्पर्धी शोधायचा, त्याला पाठीवर घ्यायचे, गुडघे वाकवायचे आणि मगच उडी मारायची. एवढा क्रम पाळला, तर चार इंचांनी बुटका मुलगाही उंच मुलाला रिबाऊंडपासून दूर ठेवू शकतो.

एक सामना, एक वर्ष

मग असे प्रशिक्षण आपल्याकडे का होत नाही? सारा दोष शाळेच्या क्रीडाशिक्षकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. एकाच शिक्षकाकडे कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, शिवाय प्रार्थनेची रांग आणि कार्यालयीन कामे. बास्केटबॉलचा संघ स्पर्धेच्या तोंडावर उभा राहतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील शासकीय शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. पहिल्या सामन्यात हरलेल्या शाळेचे वर्ष तिथेच संपते. एका सामन्यावर सारे अवलंबून असेल, तर कोणताही शिक्षक वर्गातला सर्वांत उंच मुलगा रिंगखाली उभा करील, बाकीच्यांना झोनमध्ये लावील आणि 'चेंडू त्यालाच द्या' म्हणून सांगेल. त्याच्या जागी कोणीही हेच करील.

यात पणाला लागते ते मुलांचे भवितव्य. राज्य आणि राष्ट्रीय स्तरावरील कामगिरीवर दहावी-बारावीच्या परीक्षेतील वाढीव गुण अवलंबून असतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणजे बाद पद्धतीच्या त्या एका दुपारी मुलाच्या वाट्याला येणाऱ्या संधीचे मोल मोठे असते. ज्याला चौदाव्या वर्षी केवळ उंचीमुळे रिंगखाली उभे केले, त्याची वाढ पंधराव्या वर्षी थांबली, तर तो सोळाव्या वर्षी संघाबाहेर जातो. कारण त्याला ना ड्रिबल येते, ना लांबून नेम. आणि जो बुटका म्हणून बाकावर बसवला, तो कधीच खेळ सोडून गेलेला असतो. एकाच पद्धतीने दोघांचेही नुकसान होते.

उंचीचे महत्त्व अर्थातच नाकारता येणार नाही. पंजाबातील खेड्यातून आलेल्या सात फुटांहून उंच सतनाम सिंग भामरा याला २०१५मध्ये एनबीएच्या डॅलस मॅव्हेरिक्सने निवडले, ते उंचीमुळेच नजरेत भरल्याने. पण त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, हेही तितकेच खरे. उंचीने दार उघडते. आत टिकून राहायला कौशल्य लागते. आणि भारतीय संघ ते कौशल्य दाखवू शकतो, हे २०१४मध्ये सिद्ध झाले आहे. स्कॉट फ्लेमिंग यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने वुहानमध्ये आशिया चषकात यजमान चीनला ६५-५८ असे हरवले. चीनने आपला सर्वोत्तम संघ उतरवला नव्हता, हे मान्य. तरीही त्यांच्याच अंगणात त्यांना ५८ गुणांवर रोखण्यासाठी चाळीस मिनिटे शिस्तीने बचाव करावा लागतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर परंपरेचीही उणीव नाही. मुंबईतील नागपाड्याच्या दाट वस्तीतल्या मैदानांवरून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि १९७०चा अर्जुन पुरस्कार विजेता घडला. माटुंग्याचे इंडियन जिमखाना, पुण्याचे डेक्कन जिमखाना, नागपूरची मैदाने यांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. ही मैदाने टिकली ती तिथे संध्याकाळी मोठी मुले लहानांना खेळवत, म्हणून. पायाभूत शिक्षणाची ती अनौपचारिक शाळाच होती.

काय करता येईल?

सुधारणेसाठी कोट्यवधींच्या बंदिस्त स्टेडियमची वाट पाहण्याचे कारण नाही. काही गोष्टी पुढच्याच हंगामापासून करता येण्याजोग्या आहेत. चौदा वर्षांखालील गटात पहिली फेरी बाद पद्धतीऐवजी छोट्या गटांत साखळी पद्धतीने खेळवली, तर प्रत्येक शाळेला किमान तीन सामने मिळतील. वेळ कमी करून एकाच दिवसात हे बसवता येते. याच गटात झोन डिफेन्सला मनाई केली, तर प्रत्येक मुलाला एकास एक खेळावे लागेल आणि प्रशिक्षकाला ते शिकवावे लागेल. बारा वर्षांखालील मुलांसाठी प्रत्येक शाळेत एक तरी खाली घेतलेली रिंग आणि पाच क्रमांकाचे चेंडू, हा खर्च एका सहलीपेक्षा अधिक नाही. गुणफलकाच्या तक्त्यात गमावलेले चेंडू, रिबाऊंड आणि फ्री थ्रो यांचे रकाने ठेवले आणि ते भरण्याचे काम बाकावरच्या राखीव खेळाडूंना दिले, तर हरलेला संघही का हरलो हे जाणून घरी जाईल.

मूलभूत सरावाला मुले कंटाळतात, मग ती फुटबॉल किंवा क्रिकेटकडे वळतात, अशी प्रशिक्षकांची तक्रार असते. तीत तथ्य आहे. रांगेत उभे राहून वीस मुलांत एका चेंडूने ले-अप मारायला लावले, तर कोणीही कंटाळेल. पण मूलभूत म्हणजे नीरस असे नव्हे. ड्रिबलबंदीचा सामना, डाव्या हाताच्याच ले-अपला गुण देणारा खेळ, फ्री थ्रो चुकला की संघाने एक धाव घ्यायची अशी पैज, यांत तीच कौशल्ये लपलेली असतात. प्रश्न फक्त आखणीचा आहे आणि आखणीला पैसा नव्हे, वेळ लागतो.

पालकांनीही एक पथ्य पाळायला हवे. सामना संपल्यावर 'किती गुण केलेस?' हा एकच प्रश्न विचारला जातो. त्याऐवजी 'किती चेंडू गमावलेस, किती वेळा माणूस अडवलास?' असे विचारले, तर मुलाच्या मनात खेळाची निराळीच प्रतिमा तयार होईल. एका रात्रीत पी हळद अन् हो गोरी, असे येथे होत नाही. दहाव्या वर्षी शिकलेला जम्प स्टॉप विसाव्या वर्षी कामी येतो.

जेद्दातील त्या सामन्याचे चित्रण पाहून तो एक गुण नेमका कोणत्या क्षणी हुकला, यावर वाद घालता येईल. पण त्याची खरी सुरुवात शोधायची, तर ती दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कोणत्या तरी शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर सापडेल. तिथे एका मुलाला कोणी थांबायला शिकवले की नाही, यावर ती अवलंबून असते. आजही राज्यातल्या शेकडो मैदानांवर संध्याकाळी पाच वाजता मुले चेंडू घेऊन येतात. त्यांना पुढचा तास कोण आणि काय शिकवणार, हे ठरवण्याइतका अवकाश अजून आपल्या हाती आहे.